शरणप्पाची सुपारी

लातूर,
गुरुवार

प्रिय हरिओम,

कागद बघून तू चकित होशील. समोरच्या टपरीवर चहा सांगायलासुद्धा व्हॉइस नोट पाठवणारा तुझा आनंदकाका पत्र कधीपासून लिहायला लागला? तुझे मिस्ड कॉल तुझ्या काकूनं, पंचशीलानं, मला दाखवले. मी एकही उचलला नाही, म्हणून तू समजला असशील की काका रागावलाय. रागावलोय, ते खरंच आहे. पण फोन न उचलायचं कारण ते नाही. माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटलाय आणि उजव्या कानात शिट्टी बसलीय. माईक बॉक्ससमोर आला की बॉक्स कसा किंचाळतो, तशी. मिक्सरवर ती बंद करायची सोय असते, डोक्यात नसते. डॉक्टरीणबाई माझ्याशी पाटीवर लिहून बोलतात. पंचशीला ओठ मोठे करकरून बोलते, मला समजलं नाही की चिडते, आणि चिडली की पाठ फिरवून डोळे पुसते. बरगड्याही मोडल्यात. हसलं की दुखतात, त्यामुळं सध्या घरात मला कुणी हसवत नाही. एवढं सोडलं तर तब्येत झकास आहे म्हण.

तुला ठाऊक आहे, मी जे काही कमावलं ते कानावर कमावलं. रेणापूरला दुसऱ्याचा भोंगा खांद्यावर घेऊन झाडावर चढायचो, तिथून सुरुवात. वायर कुठं ढिली आहे ते नुसत्या खरखरीवरून सांगायचो म्हणून मालकानं ठेवून घेतलं. पुढं स्वतःचा एक भोंगा झाला, मग टेम्पो, मग आमच्या लेकीच्या, लुंबिनीच्या नावाचं दुकान, आणि आता ट्रक भरेल एवढी सिस्टीम. तुझा बाप दगडोबा कुस्त्या करायचा तेव्हा शिरूर अनंतपाळच्या मैदानाला भोंगा माझाच असायचा. तो गेला आणि साखरावहिनींनी तुला तालमीतून काढायचं मनात आणलं, तेव्हा मीच म्हणलं, पोरगं माझ्या टेम्पोत बसून मैदानाला येईल, तुम्ही फक्त भाकरी बांधून द्या. दोन बॉक्सांच्या मधल्या फटीत तू झोपायचास. रेवड्यांच्या बक्षिसावरच्या तुझ्या पहिल्या कुस्तीला नाव मीच पुकारलं होतं. जिंकलास आणि खाली पडलेल्या पोराला उचलून त्याच्या पाठीवरची माती झटकायला लागलास. मी माईकवरून म्हणलं, "ह्यो दगडोबाचा हाय मंडळी, पाडतो बी आन् झाडून बी देतो!" अख्खं मैदान हसलं होतं.

मातीत माणूस पडतो त्याचा आवाज सारखा नसतो, हे तुला मीच दाखवलं होतं. कुशीवर पडला तर धस्स. गुडघ्यावर आला तर ठक्क. आणि दोन्ही खांदे एका वेळी लागले तर ओलं पोतं टाकल्यासारखा चपटा आवाज येतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही. नांदेडच्या मैदानात मानाच्या गदेसाठी तुझी आणि देगलूरच्या शरणप्पाची जोड लागली, तेव्हा मी सगळी कुस्ती बघितली. त्याचं कपाळ तुझ्या भुवईवर आदळलं आणि तुझा डोळा रक्तानं भरला. तुझ्या कोपरानं त्याचा ओठ दातांवर फाटला. दोघांच्या छात्या लाल झाल्या होत्या, हात घसरत होते, पंच माती घेऊन तुमच्या जखमांवर दाबत होता आणि तुम्ही त्याला बाजूला ढकलून पुन्हा भिडत होता. शेवटाला मी एक वायर बघायला वाकलो, आणि तो चपटा आवाज आला. मान वर न करताच मला कळलं, गेला माझा हरिओम. पण त्यानंतर त्यानं हात देऊन तुला उठवलं, तू त्याच्या पाठीवर थाप मारलीस, आणि तुम्ही दोघं एकाच नळाखाली तोंड धुवायला गेलात. मला वाटलं, संपली कुस्ती.

संपली नव्हती. तू घरी पोचायच्या आत तुझ्या फोनमध्ये दुसरी कुस्ती सुरू झाली होती, आणि तिथं पंच नव्हता. "विकला गेला भाऊ." "गदा विकून आता गाडी घेतो बघा." "बांगड्या कुठल्या मापाच्या पाठवू?" जे कालपर्यंत वाघ-वाघ करत होते, तेच. एकानं साखरावहिनींचा फोटो उचलून त्याच्याखाली जे लिहिलं ते मी कागदावर उतरवणार नाही. आणि तुझं नाव दंडावर गोंदवून घेतलेला तो औशाचा पोरगा, त्यानं ते नाव ब्लेडनं खरवडून काढताना व्हिडिओ केला. कातडी सोलतेय, रक्त मनगटावरून खाली गळतंय, आणि पाठीमागं गाणं लावलेलं. तू तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचास, हे मला तुझ्या आवाजावरून कळायचं. फोनवर तू नुसतं "हाव काका, न्हाई काका" करायचास आणि मागं तेच गाणं वाजत असायचं.

फडाच्या कडेला बसणारे जुने शौकीन काय शिव्या देत नव्हते? तुझ्या बापाला असल्या शिव्या पडायच्या की माईक बंद करावा लागायचा. पण शिवी देणाऱ्याला दगडोबाचा घाम दिसत होता, आणि दगडोबाला शिवी देणारा दिसत होता. कुस्ती सुटली की तोच म्हातारा पुढं यायचा, "लेका, डाव कच्चा पडला बघ, पाय उशिरा उचललास," म्हणून पाठ चोळायचा. तुझे हे फॅन लोक कधी मातीच्या वासाला आलेले नाहीत. त्यांना डाव कळत नाही, वजन कळत नाही, फक्त कोण कुणाला ठोकतो एवढंच कळतं. आणि तरी तुझा जीव त्यांच्यात अडकला. ते मला समजतं रे. मी माईकचा माणूस आहे. समोरून टाळी आली नाही की तोंडाला कोरड पडते, हे मला कुणी शिकवायला नको.

म्हणूनच त्या दिवशी मी ती व्हॉइस नोट केली. शरणप्पाच्या गावकऱ्यांनी गदा आली म्हणून देगलुरात त्याची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि फोनवरूनच सिस्टीम माझी सांगितली. आपल्या धंद्यात कार्यक्रम ठरला, विसार हातात आला की आपण म्हणतो सुपारी घेतली. बँडवाला तेच म्हणतो, शाहीर तेच म्हणतो, कीर्तनकार बुवासुद्धा तेच म्हणतात. मी ट्रकजवळ उभा राहून, जनरेटर चालू असताना, शब्दाला शब्द हे बोललो होतो: "शरणप्पाची मिरवणूक हाय ना रविवारी, तिची सुपारी मी घेतली. देगलूरच्या रस्त्यावर असं वाजवतो, असं वाजवतो, का पुन्हा कुणी नाव न्हाई काढलं पाहिजे! तुला लईच झोंबलं तर कानात कापूस घाल." म्हणलं, थोडी चेष्टा केली की माणूस हसेल, मन मोकळं होईल.

रविवारी सकाळी देगलुरात ट्रक लावला. बाजाराचा दिवस, ऊन चांगलं वर आलेलं, पताका, फटाक्यांच्या माळा. शरणप्पा तिकडं मारुतीच्या देवळापाशी उघड्या जीपमध्ये चढत होता आणि मिरवणूक माझ्याकडं यायची होती. माझा चेहरा तिथं कुणाच्या ओळखीचा नव्हता. ट्रकची एमएच चोवीस पाटी बघून दोघाचौघांनी कुजबुज केली, पण लातूरची गाडी देगलुरात नवी नाही. मग मी माईक हातात घेतला. "हॅलो, हॅलो. शरणप्पा पैलवानांच्या मिरवणुकीला आलेल्या समस्त..." एवढंच झालं. खालून एक पोरगा ओरडला, "ह्योच! आवाज ह्योच हाय!"

मला काही समजायच्या आत पाय धरून त्यांनी मला ट्रकवरून ओढलं. डोकं फाळक्यावर आपटलं. खाली पडलो तसा पहिला लोखंडी पाइप बरगडीत बसला, मग लाथा, मग कुणीतरी बॉक्स बांधायचा पट्टा घेऊन पाठीवर. माझ्याच ट्रकचा पट्टा, हरिओम. मी "अरे मिरवणुकीवाला हाय मी, मिरवणुकीवाला," म्हणून ओरडतोय आणि ते म्हणतायत, "सुपारी घेतो काय रे, घे सुपारी, घे!" एक गोष्ट सांगतो, तुला चेष्टा वाटेल. जवळजवळ प्रत्येकाच्या एका हातात मोबाइल होता. एका हातानं व्हिडिओ करणाऱ्याचा दुसऱ्या हाताचा मार अर्धाच लागतो. त्या मोबाइलांनीच मला मारलं आणि त्या मोबाइलांनीच वाचवलं. मग त्यातल्या एकानं माझे केस धरून मान वर केली आणि स्वतःचा फोन माझ्या कानाला लावला. "ऐक! तुझाच आवाज हाय का न्हाई?" मी ऐकलं. माझाच आवाज होता. शरणप्पाची सुपारी मी घेतली, देगलूरच्या रस्त्यावर असं वाजवतो. मी "हाव" म्हणलं. आवाज माझाच होता तर दुसरं काय म्हणू? तेव्हा त्यानं फोन बाजूला केला आणि मोकळ्या पंजानं माझ्या डाव्या कानफटात दिली. आत काहीतरी फाटलं. ऊन ऊन पातळ मानेवरून वाहायला लागलं. मग उजवीकडून बसली.

पण माईक हातातून सुटला होता तो बंद झालेला नव्हता. तो माझ्याशेजारी धुळीत पडला होता आणि माझी बोंब माझ्याच बॉक्समधून सगळ्या देगलुरानं ऐकली. देवळापाशी शरणप्पानंही ऐकली. जीपमधून उडी टाकून, गळ्यातले हार तुटत, तो पळत आला. मला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. त्यानं दोघांना मानेला धरून बाजूला फेकलं आणि बाकीचे थांबेनात तसा सरळ माझ्या अंगावर पालथा पडला, कुस्तीत पडतो तसा, हातपाय पसरून. त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं, तो काय ओरडतोय ते ओठांवर दिसत होतं. "बिड्रो! बिड्रो!" तिकडचं कानडी, सोडा रे सोडा. पण मागच्याला खाली कोण आहे ते दिसत नव्हतं, तो व्हिडिओ करत होता. त्याचा पाइप वरून आला तो शरणप्पाच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडलं ते मला ऐकू आलं नाही. छातीला छाती लागलेली होती, त्यामुळं अंगात जाणवलं. ज्याच्यासाठी मारत होते, त्याचाच हात त्यांनी मोडला. मनगटाच्या वर, दोन्ही हाडं. आता तो वर्षभर तरी मातीत उतरणार नाही. पुढं कधी उतरेल का, ते डॉक्टर पाटीवर लिहीत नाहीत.

नांदेडच्या दवाखान्यात आम्ही एकाच मजल्यावर होतो. तो आपला हात गळ्यात बांधून माझ्या खाटेशी येऊन बसायचा. मी त्याला पाटी दिली, तो डाव्या हातानं लिहायचा, पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं. "काका मापी." मी लिहिलं, माफी असं लिहितात, आणि तू कशाला मागतोस? त्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, "माझीच मानसं." लुंबिनीनं तिच्या फोनवर मला काय चाललंय ते दाखवलं. देगलूरकडच्यांनी व्हिडिओ कापून फक्त शरणप्पाचा रक्ताळलेला हात ठेवला होता आणि वर लिहिलं होतं, लातूरच्या गुंडांचा हल्ला. आणि तुझ्या फॅननी काय केलं माहीत आहे? नाकारलं नाही. "काम फत्ते. भाऊच्या माणसानं सांगितलं होतं, वाजवतो म्हणून." खाली हजारांनी हृदयं. मार मी खाल्ला, हात शरणप्पाचा गेला, मारलं त्याच्याच माणसांनी, आणि मर्दुमकी घेतली लातूरनं. तू तेव्हा काहीच बोलला नाहीस. शड्डू ठोकतानाचा तुझा जुना व्हिडिओ तेवढा टाकलास. तो दंड थोपटल्याचा आवाज मी ऐकू शकलो नाही, पण केवढ्या मोठ्यानं गेला असेल ते कळतं.

आमच्या गल्लीतली पोरंही दवाखान्यात आली होती. रागानं लाल. "काका, तुमचं आडनाव बघून मारलं, आपण गप बसायचं न्हाई." मी पाटीवर लिहिलं, आडनाव त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांनी आवाज ऐकून मारलं. त्यांना ते पटलं नाही. आयुष्यभर आडनावाचा मार बघितलेल्या माणसांना दुसरा मार पटत नाही, त्यात त्यांची चूक नाही. त्यांना घरी पाठवता पाठवता माझ्या बरगड्यांनी हात टेकले. म्हणजे बघ, एका वाक्यातून किती ठिकाणी जाळ निघाला. फौजदारही येऊन गेले. त्यांनी कागदावर लिहून विचारलं, ही ऑडिओ तुम्ही कुणाला पाठवली होती? मी लिहिलं, डोक्याला मार आहे, आठवत नाही. ते हुशार आहेत, हसले आणि लिहिलं, आठवलं की सांगा, आम्ही पुन्हा येऊ.

साखरावहिनीही येऊन गेल्या. ज्वारीच्या भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन एसटीनं नांदेडला. खाटेशी बसल्या, माझ्या कानाच्या पट्टीकडं बघत राहिल्या आणि पंचशीलाला काहीतरी विचारलं. पंचशीला भाकरी वाढायला लागली. मी दोघींचे ओठ बघत होतो. वहिनींनी पुन्हा विचारलं, आता हळू, आणि ते मला वाचता आलं: "माझ्या लेकानं काई केलं का ओ?" पंचशीलानं माझ्याकडं बघितलं. मी भाकरीचा घास तोंडात घातला आणि चावायला लागलो. चावताना जबड्यापासून कानापर्यंत सुरी फिरल्यासारखं होतं, तरी चावत राहिलो, कारण तोंड मोकळं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

आता ते लिहितो. माझ्या धड कानांनी ऐकलेली शेवटची गोष्ट म्हणजे त्या पोराच्या फोनमधला माझा आवाज. मार खाताना माणसाला देव आठवतो म्हणतात. मला कान आठवले. 'शरणप्पाची' आणि 'सुपारी' या दोन शब्दांच्या मध्ये मी श्वास घेतलेला नव्हता. आणि माझ्या मागं चाललेल्या जनरेटरची घरघर तिथं एकदम उडी मारते, जशी कॅसेट जोडल्यावर मारायची. 'मिरवणूक हाय ना रविवारी, तिची' एवढे शब्द कुणीतरी कापले. कापसाचं वाक्यही कापलं, कारण ते राहिलं असतं तर कुणालाही चेष्टा कळली असती, आणि उरलेलं तुझ्या फॅनच्या ग्रुपवर सोडलं. नेमकं कुठं कापलं की माणसाचा खुनी होतो, हे ज्याला कळतं त्याला सुपारी म्हणजे काय तेही कळतं. तो टेम्पोत, बॉक्सांच्या फटीत वाढलेला असतो. ती नोट मी ग्रुपवर टाकली नव्हती, हरिओम. एकाच माणसाला पाठवली होती. तुझं अकाउंट सांभाळणाऱ्या आदर्शनं कापली म्हणशील, तर कापायला त्याच्या हातात कुणी दिली? हे असं व्हावं हे तुझ्या मनात नव्हतं, तेही मला ठाऊक आहे, शपथेवर सांगतो. तुला फक्त ती हृदयं परत पाहिजे होती. ती आलीही. ब्लेडनं नाव खरवडणारा पोरगा त्याच जखमेशेजारी पुन्हा तुझं नाव गोंदवून आला, लुंबिनीनं दाखवलं मला.

आता पुढचं. रविवारी रेणापूरला मैदान आहे, तुझी कुस्ती लागलीय. दोन्हीकडचे फॅन येणार आहेत आणि कुणीही कुस्ती बघायला येत नाही. परवा अहमदपूरच्या पुढं देगलूरची जीप अडवून तुझ्या लोकांनी काचा फोडल्या, चालवणाऱ्याचा हात दारात घालून दार लोटलं. बोटं तुटली. तो बिचारा सोयाबीन बाजारात घालून घरी चालला होता, कुस्तीचा त्याचा काही संबंध नव्हता. त्याचाही व्हिडिओ आहे, त्यात मागून कुणीतरी "हरिओमभाऊ आगे बढो" म्हणतंय म्हणे. देगलूरवाले सळया घेऊन निघणार, हे त्यांच्याच ग्रुपवर उघड लिहिलंय. रेणापूरला रविवारी माणूस मरेल. कोण ते सांगता येत नाही. फौजदारांच्या बंदोबस्तानं ते थांबणार नाही, माझ्या जबाबानंही थांबणार नाही, कारण ही पोरं फौजदारांचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत, आईबापाचं ऐकत नाहीत. तुझ्या फोनमधून आलेलं तेवढं खरं मानतात. माझी नोट तुझ्याकडं अजून असेल. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, कापसासकट वाजव. सुपारी म्हणजे काय ते सांग. कापली कुणी तेही सांग. त्यानंतर ते तुला पुन्हा बांगड्या पाठवतील, वहिनींचा फोटो पुन्हा फिरेल, आणि यावेळी दंडावरची नावं जाळून काढतील. ते तुला सोसावं लागेल. मी फौजदारांशी एकदा खोटं बोललो, ते तुझ्यासाठी. दुसऱ्यांदा बोलणार नाही.

हे सगळं पंचशीलाला तुझ्या दाराशी येऊन बोलता आलं असतं, लुंबिनीला टाइप करून पाठवता आलं असतं. मी पत्र केलं, कारण पत्र द्यायला माणूस जावा लागतो. आता मान वर करून बघ, हा कागद तुझ्या हातात कुणी दिला. तोंडाला दस्ती बांधलेली आहे, अंगावर शाल आहे, बोलत नाही. तुझ्या तालमीच्या दारात बसलेल्या पोरांतून तो तसाच आत आलाय. शालीखाली प्लास्टर आहे. ही कल्पना त्याची. मी पाटी फोडेपर्यंत नको म्हणलं. त्याला सगळं सांगितलंय, कापलेल्या शब्दांसकट, आणि त्यावर त्यानं डाव्या हातानं एवढंच लिहिलं, "मंग मीच जातो." बाहेरच्या पोरांना अजून तो कोण ते कळलेलं नाही, पण तो दस्ती सोडल्याशिवाय परत फिरणार नाही, असं ठरवून आलाय. तो आडमुठा आहे, तू त्याच्याशी लढलायस, तुला माहीत आहे. त्यानं तोंड उघडं केल्यावर आधी त्याच्याजवळ कोण पोचतं, तू की ते, एवढाच प्रश्न उरलाय. मला इथं काही ऐकू यायचं नाही. लुंबिनी तुझं पान उघडून शेजारी बसलीय, मी तिच्या तोंडाकडं बघत बसलोय. ऊठ हरिओम, कागद खाली ठेव.

मोडलेल्या कानांचा, पण अजून तुझाच,
आनंदकाका